शब्द पाठ होतात, पण वाक्यात बसत नाहीत

प्रश्न : माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून घरी आम्ही तेलुगू बोलतो. बँकेच्या परीक्षेसाठी मी रोज वीस अवघड इंग्रजी शब्द मराठी अर्थांसह वहीत उतरवते. त्यांतले निम्मे आठवडाभरात विसरायला होतात आणि उरलेले निबंधात वापरले की शिक्षक खाली लाल रेघ ओढतात. ‘गॉड इज युबिक्विटस’ आणि ‘द गव्हर्न्मेंट शुड मिटिगेट द प्राइस ऑफ ऑनियन्स’ या वाक्यांत काय चुकले?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : दोन्ही वाक्यांचे व्याकरण निर्दोष आहे, चूक आहे ती वहीच्या उजव्या रकान्यात. ‘युबिक्विटस’समोर आपण ‘सर्वव्यापी’ लिहिले असणार, आणि मराठीत सर्वव्यापी म्हटले की परमेश्वरच आठवतो. इंग्रजी व्याख्या मात्र ‘जिकडे पाहावे तिकडे आढळणारे’ अशी असते, आणि आजच्या इंग्रजीत हे विशेषण बहुधा वस्तूंना, सवयींना, जाहिरातींना लावतात. ईश्वरासाठी ‘ऑम्निप्रेझेंट’ रूढ आहे. गड्डा यात्रेत जिथे नजर जाईल तिथे फोटो काढण्यासाठी उंचावलेले मोबाइल दिसतात, ते युबिक्विटस. ‘मिटिगेट’ म्हणजे नुसते कमी करणे नव्हे, तर एखाद्या अनिष्ट गोष्टीची झळ कमी करणे. म्हणून दुष्काळाचे परिणाम, धोका, नुकसान यांच्यासोबत हे क्रियापद येते, भावासाठी ‘रिड्यूस’ पुरते. कांद्याचा चढा भाव ही अनिष्ट गोष्ट आहे की नाही, हे बाजार समितीत आपण कोणत्या बाजूला उभे आहोत त्यावर ठरते, हा भाग निराळा.

व्याख्या वाचायची ती शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात. इतर कोशांत पुष्कळदा एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दाने सांगितलेला असतो आणि वाचक पानांमागून पाने उलटत राहतो. लाँगमनच्या १९७८ च्या कोशाने सगळ्या व्याख्या सुमारे २००० नित्याच्या शब्दांत लिहिण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले, तर १९८७ च्या कॉलिन्स कोबिल्डने व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली, त्यामुळे शब्द कोणाच्या सोबतीने येतो हे अर्थाबरोबरच कळते. आपल्यासारख्यांना मला दुसरी पद्धत अधिक उपयोगी वाटते.

कोशातली दोन उदाहरणे उतरवून घेतल्यावर तिसरे वाक्य मात्र आपले स्वतःचे हवे, आणि त्याची कसोटी कडक ठेवावी : शब्दावर बोट ठेवून तो झाकला, तरी उरलेल्या वाक्यावरून अर्थाचा अंदाज आला पाहिजे. ‘ही इज मेटिक्युलस’ या वाक्यात मेटिक्युलसच्या जागी उंच, आळशी किंवा श्रीमंत काहीही बसते, म्हणून ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी, ताण्याचे, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांचे, बीम (रूळ) मागावर चढवण्याआधी एकेक धागा तपासणाऱ्या आणि एक तुटका धागा सापडला तरी काम थांबवणाऱ्या विणकराविषयी इंग्रजीत लिहा. बारीकसारीक तपशिलाची काळजी घेणारा हा अर्थ पुन्हा पाठ करावा लागणार नाही. तसेच ‘फ्रगल’चे. जुनी चादर शिवून तिची गोधडी करणारी आजी फ्रगल. पाहुण्याला चहा विचारताना ज्याचा जीव वरखाली होतो तो ‘स्टिंजी’. काटकसर आणि चिकटपणा यांतला हा भेद मराठीत आपण सहज पाळतो, तो इंग्रजीतही पाळायचा आहे.

रोज वीस शब्द फार झाले. पाच घ्या आणि दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, पंधरवड्याने शब्द झाकून आपलेच वाक्य पूर्ण करून पाहा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून दाखवून दिले की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो. म्हणूनच पहिली उजळणी लांबवू नये.

प्रश्न : मग मराठी अर्थ मुळीच पाहू नये काय?
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : अवश्य पाहावा. जिथे वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते तिथे मराठी शब्दाइतका जवळचा रस्ता नाही. ‘सोर्घम’ या शब्दाची इंग्रजी व्याख्या उष्ण प्रदेशातील एक तृणधान्य अशा वळणाने जाते. मालदांडी ज्वारीच्या गावात राहणाऱ्या माणसाने ती वाचत बसण्याचे कारण नाही.