वाचकांचे प्रश्न : दिव्यांगत्व आणि त्याची कारणे

प्रश्न : माझ्या भाच्याला सिकल सेलचा आजार आहे. तो चालतो-फिरतो, त्याला दिसते, ऐकू येते. तरीही त्याला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, असे कुणीतरी सांगितले. दिव्यांगत्वाचे एकूण प्रकार तरी किती?
– एक वाचक, गडचिरोली

उत्तर : आपल्याला मिळालेली माहिती बरोबर आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले. अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, हातापायांचे दिव्यांगत्व आणि मानसिक आजार हे पूर्वीपासूनचे प्रकार सर्वांना ठाऊक आहेत. नव्या यादीत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सन आणि आम्लहल्ल्यातून आलेले दिव्यांगत्व यांच्याबरोबरच थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकल सेल हे रक्ताचे तीन आजारही आले. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेलचे प्रमाण मोठे असल्यामुळे या समावेशाचे महत्त्व आपल्या राज्याला अधिक आहे. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून असह्य वेदनांचे झटके येतात, खुब्याचे हाड निकामी होऊ शकते आणि काही मुलांना लहान वयात पक्षाघातही होतो. वरून धडधाकट दिसणारा मुलगा शाळेत वारंवार गैरहजर राहतो, त्याचे कारण हे असते.

प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळावर अर्ज करावा, म्हणजे ठरवून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांचा लाभ आपल्या भाच्याला घेता येईल, मात्र सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणासाठी कायद्याने जे गट नेमले आहेत, त्यांत रक्ताचे आजार नाहीत. मला स्वतःला ही तफावत अन्यायाची वाटते. सिकल सेलच्या रक्ततपासणीत ज्यांचा ‘एएस पॅटर्न’ येतो ते केवळ वाहक असतात, त्यांना सहसा काही त्रास होत नाही. पण लग्नापूर्वी दोघांनीही रक्त तपासून घेणे त्यांच्यासाठी अगत्याचे आहे.

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा असून अजून आधाराशिवाय बसत नाही. त्याचे पाय ताठ राहतात. सातव्या महिन्यातच त्याचा जन्म झाला आणि बरेच दिवस तो काचेच्या पेटीत होता. डॉक्टरांनी ‘सेरेब्रल पाल्सी’ असे निदान केले आहे. ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली म्हणून हे झाले, असे सासरी सगळे म्हणतात. खरे कारण काय असेल?
– एक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, ग्रहणाचा आणि आपल्या बाळाच्या पायांचा काडीइतकाही संबंध नाही. आपल्या हातून काहीही चुकलेले नाही, हे आधी आपण मनाशी पक्के करावे आणि हे उत्तर घरच्यांना वाचून दाखवावे.

वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवरचे नियंत्रण बिघडते, त्या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतील पोकळ्यांच्या कडेचा भाग अतिशय नाजूक असतो आणि रक्तपुरवठा थोडा कमी झाला किंवा तेथे रक्तस्राव झाला, तरी त्याला इजा पोहोचते. पायांकडे जाणारे मज्जातंतू नेमके या पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हातांपेक्षा पाय अधिक ताठ झालेले आढळतात. आपण केलेले वर्णन याच्याशी जुळते, तरी नक्की निदान तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करावयाचे आहे. इतर मुलांत कारणे वेगळी असू शकतात : गरोदरपणातील जंतुसंसर्ग, जन्मानंतरची तीव्र कावीळ, तान्हेपणी झालेला मेंदूज्वर. ‘बाळ जन्मताच रडले नाही’ हे कारण आपल्याकडे सर्रास सांगितले जाते आणि काही मुलांत ते खरेही असते. परंतु अनेकदा मूळ इजा प्रसूतीच्या आधीच झालेली असते.

ही इजा वाढत जाणारी नाही. मात्र स्नायू ताठच राहिले तर सांधे आखडतात आणि खुबा निसटू शकतो, त्यामुळे व्यायामोपचार नियमित चालू ठेवावेत आणि खुब्यांचा एक्स-रे डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळोवेळी काढावा. डोळे आणि कान यांचीही तपासणी झाली नसेल तर लगेच करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे चालवली जातात. तेथे अशा मुलांची तपासणी आणि उपचार होतात. बसता येत नाही म्हणून मुलाला समजत नाही, असे कृपया कुणीही धरून चालू नये. या मुलांपैकी अनेकांची बुद्धी अगदी चांगली असते, आणि त्यांच्याशी बोलणेच बंद झाले तर ती मिटून जाते.

प्रश्न : आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे आणि माझेही तसेच झाले. आम्हा दोघांना उत्तम ऐकू येते, पण पहिली मुलगी जन्मतः बहिरी आहे. दुसऱ्या अपत्याचा विचार करावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण हा प्रश्न वेळेवर विचारलात, हे फार चांगले झाले. बहिरेपणाची काही जनुके अशी असतात की त्यांची एकच सदोष प्रत असणाऱ्याला स्वतःला काहीही जाणवत नाही, पण आई आणि वडील या दोघांकडूनही ती प्रत मिळाली, तर मूल बहिरे जन्मते. मामेभावंडे-आतेभावंडे यांची सुमारे एक अष्टमांश जनुके सामायिक असतात. त्यामुळे असा योग जुळण्याची शक्यता नात्यातील लग्नात वाढते. आपल्या बाबतीत हेच कारण ठरले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता राहील. पहिले मूल बहिरे झाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब मात्र येथे चालत नाही.

परंतु कारण आनुवंशिकच आहे, असे आत्ता गृहीत धरू नये. गरोदरपणी आईला झालेला रुबेला, बाळाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर किंवा कानाला अपाय करणारी काही प्रतिजैविके यांतूनही श्रवणदोष येतो. मुलीची जनुकीय तपासणी करून जनुकीय समुपदेशकांचा सल्ला घ्यावा आणि मग आपण दोघांनी निर्णय करावा. तो वडीलधाऱ्यांनी किंवा मी करण्याचा नाही.

दुसरे बाळ झाल्यास त्याची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, दोष आढळल्यास त्याचे पक्के निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि गरज असल्यास श्रवणयंत्र सहाव्या महिन्यापर्यंत व्हायला हवे, कारण भाषा शिकण्याचा काळ त्याच दिवसांत सुरू होतो. पहिल्या मुलीसाठी मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी आणि मार्गदर्शन मिळू शकेल. श्रवणयंत्र असो, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे साधन) असो किंवा खुणांची भाषा असो, त्यातील काय तिला मानवते ते तेथील तज्ज्ञांशी बोलून ठरवावे. दुसऱ्या अपत्याचा निर्णय लांबला तरी चालेल, मुलीची भाषा मात्र थांबता कामा नये.