गढूळपणा मोजून लायसोझाइम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लायसोझाइमच्या चाचणीसाठी मायक्रोकॉकसच्या फ्रीझ-ड्राय केलेल्या पेशी वापरायला सांगतात. मेलेल्या पेशी कशा चालतात? त्यापेक्षा सहज वाढणारा ई. कोलाय का नको?

उत्तर : लायसोझाइम हे अंड्यात आणि लाळेत सापडणारे विकर (एन्झाइम). त्याला पेशी जिवंत आहे की मेलेली याच्याशी देणेघेणे नाही, त्याला फक्त जिवाणूच्या पेशीची भिंत हवी. भिंतीतल्या पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थामधले दोन शर्करांना जोडणारे बंध ते तोडते. भिंत खिळखिळी झाली की पेशी फुटते आणि दुधट सस्पेन्शन (पेशी तरंगत असलेले द्रावण) निवळू लागते; हे निवळणे किती वेगाने होते तेच चाचणीत मोजायचे. गोठवून निर्वात अवस्थेत वाळवताना बर्फाची थेट वाफ होते, त्यामुळे भिंत शाबूत राहते. शिवाय पावडर वजन करून घेता येते. दर वेळी कल्चर वाढवावे लागत नाही.

ई. कोलायच्या पेप्टिडोग्लायकनवर आणखी एक बाह्य पटल असते आणि लायसोझाइम तिथेच अडते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये असे पटल नाही, पण त्याच्या शर्करांवर ॲसिटिल गट चिकटलेले असतात, म्हणून तोही दाद देत नाही. मायक्रोकॉकसची भिंत उघडी आणि नाजूक. बाटलीवर ‘मायक्रोकॉकस लायसोडाइक्टिकस’ असे लिहिलेले दिसले तर गोंधळू नका. हे लायसोझाइमचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगच्या काळातले नाव (लायसोझाइमवरचा त्याचा निबंध 1922 चा); आज हाच जिवाणू मायक्रोकॉकस ल्युटियस म्हणून ओळखला जातो.

प्रश्न : संपूर्ण कृती प्रमाणांसह द्यावी. आमचे आकडे रोज वेगळे येतात.

उत्तर : आकडे बदलतात ते बहुधा सस्पेन्शनमुळे, म्हणून सुरुवात तिथून करू.

बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) 66 मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेटचे, सामू 6.24. एक लिटरसाठी सुमारे 9 ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट थोड्या कमी पाण्यात विरघळवा, 25 अंश सेल्सिअसला पोटॅशियम हायड्रॉक्साइडने सामू जुळवा आणि मग लिटरची खूण गाठा.

पेशींची बाटली फ्रीजरमधून काढल्या काढल्या उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतला ओलावा पावडरीवर बसतो, गुठळ्या होतात आणि पुढची सगळी वजने चुकतात. 100 मिली बफरसाठी 15 मिग्रॅ पेशी घ्या. सगळे बफर एकदम ओतण्याऐवजी आधी काही थेंब घालून काचेच्या कांडीने गुळगुळीत पेस्ट करा, मग हळूहळू पातळ करा. व्होर्टेक्सवर जोरात फिरवले तर फेस होतो. सोनिकेटर तर नकोच : पेशी विकर घालण्याआधीच फुटतात आणि मोजायला फारसे काही उरत नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात 450 नॅनोमीटरला, बफर शून्य धरून, शोषण (गढूळपणाचा आकडा) 0.6 ते 0.7 आले पाहिजे. जास्त आले तर बफर, कमी आले तर आणखी पेशी. वजनापेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवा, कारण एका लॉटच्या पेशी दुसऱ्यासारख्या नसतात. सस्पेन्शन त्याच दिवशी संपवा आणि पिपेटमध्ये घेताना ते हळू ढवळत ठेवा.

क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या छोट्या पारदर्शक नळीत) 2.5 मिली सस्पेन्शन 25 अंशांवर स्थिर होऊ द्या. त्यात 0.1 मिली विकर घाला, क्युव्हेट उलटसुलट करून मिसळा आणि पाच मिनिटे शोषणाची घसरण नोंदवा. विकराचे द्रावण थंड बफरमध्ये, मिलीला 200 ते 400 युनिट इतके असावे. याहून तीव्र असेल तर सुरुवातीचा सरळ भाग मिसळण्यातच निघून जातो. याहून विरळ असेल तर घसरण पेशी तळाशी बसण्याच्या वेगात हरवते. म्हणूनच विकराऐवजी 0.1 मिली बफर घातलेला ब्लँक दर वेळी लावायचा. आणखी एक चोर आहे : फार विरळ लायसोझाइम काचेला आणि प्लास्टिकला चिकटते. शेवटचे विरलन मोजणीच्या तोंडावर करा.

एका मिनिटात 0.001 ने शोषण घटवणारे विकर म्हणजे एक युनिट. समजा नमुन्याची घसरण मिनिटाला 0.034, ब्लँकची 0.002. फरक 0.032, म्हणजे 0.1 मिलीत 32 युनिट, मिलीत 320. नमुना शंभर पट विरळ केला होता, तर मूळ द्रावणात मिलीला 32,000 युनिट.

प्रश्न : एकच सस्पेन्शन दोन स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वेगळे शोषण दाखवते. कोणता बिघडला?

उत्तर : बहुधा कोणताच नाही. इथे प्रकाश मुख्यतः शोषला जात नाही, विखुरला जातो. विखुरलेल्यापैकी किती प्रकाश डिटेक्टरवर पडतो हे यंत्राच्या रचनेवर ठरते. एका मोजणीमालिकेत एकच यंत्र वापरा आणि प्रत्येक लॉटबरोबर प्रमाणित (माहीत असलेल्या क्रियाशीलतेचे) लायसोझाइम चालवा. मायक्रोप्लेटमध्ये (अनेक छोट्या खळग्यांच्या तबकडीत) तर प्रकाशमार्ग एक सेंटिमीटरचा नसतोच; तिथे युनिटची व्याख्या सोडा आणि प्रमाणित वक्रावरूनच वाचा.

प्रश्न : प्रथिने वेगळी करणाऱ्या कॉलममधून मिठाच्या द्रावणाने बाहेर काढलेल्या अंशात प्रथिन भरपूर, पण क्रियाशीलता जवळजवळ नाही. विकर मेले का?

उत्तर : आधी मीठ काढून पाहा. लायसोझाइमवर धन विद्युतभार असतो, पेशीभिंतीवर ऋण. या ओढीनेच विकर भिंतीला लागते. मीठ वाढले की ही ओढ झाकली जाते आणि वेग कोसळतो. डायलिसिस करा (पातळ पटलातून मीठ बाहेर जाऊ द्या), किंवा नमुना पुरेसा सशक्त असेल तर चाचणीच्याच बफरने इतका विरळ करा की मीठ नगण्य होईल. प्रमाणित लायसोझाइममध्ये तेवढेच मीठ घालून एक धाव घेतली तर दोष मिठाचा की विकराचा हे लगेच कळते.

प्रश्न : लाळेतले लायसोझाइम मोजताना अंड्यातल्या लायसोझाइमचा प्रमाणित वक्र चालेल का?

उत्तर : युनिटसाठी चालेल, मिलिग्रॅमसाठी नाही. याच पेशींवर मानवी लायसोझाइम वजनाच्या मानाने कितीतरी जास्त क्रियाशील असते. अंड्याच्या वक्रावरून काढलेले मिलिग्रॅम फुगलेले येतील. वजन हवे असेल तर मानवी लायसोझाइमच प्रमाण म्हणून घ्या. लाळ सेंट्रिफ्यूज करून गाळ बाजूला ठेवा. आणि लाळ फक्त बफरमध्ये घालून एक वेगळा ब्लँक लावा, कारण तिचा स्वतःचा गढूळपणाही 450 ला दिसतो.