व्हेंडिंग मशीन कॉम्प्युटरला कसं जोडावं?

प्रश्न : कामगारांच्या कार्डावर मशीनमधून बिस्किटं द्यायची आहेत. यूएसबी-सिरियल केबल लावली, पण कॉम्प्युटरवर नुसती निरर्थक अक्षरं येतात. (वाचक, भोसरी)

उत्तर : सहा पिनांचा कनेक्टर असेल, तर बहुधा एमडीबी बस आहे, म्हणजे व्हेंडिंग मशीनचे भाग एकमेकांशी बोलतात ती सामायिक लाइन. वेग ९६०० बॉडच (सेकंदाला ९६०० बिट), पण माहिती ९ बिटांची. नववा बिट हा बाइट पत्ता आहे की माहिती ते सांगतो. तुमची केबल ८ बिटांची, म्हणून ती निरर्थक अक्षरं. शिवाय मशीनला ५ मिलिसेकंदांत उत्तर लागतं, आणि विंडोजच्या भरवशावर ते राहू नये. मध्ये मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा कॉम्प्युटर) हवाच. ९ बिटांचा सिरियल पोर्ट असलेला एसटीएम३२ बोर्ड आणि दोन ऑप्टोकपलर (दोन सर्किटं विजेने न जोडता प्रकाशातून सिग्नल पोचवणारे भाग) पुण्याच्या तापकीर गल्लीत शोधा. कार्ड-रीडरचा पत्ता १० हेक्स (म्हणजे आपल्या मोजणीत १६) ठेवा. जपून, पहिल्या पिनवर साधारण ३४ व्होल्ट असतात. बोर्डाला थेट लागले तर तो जळालाच समजा.