जुन्या इंजिनात डीकोडर

प्रश्न : एचओ मापाच्या (१:८७) जुन्या डीसी मॉडेल रेल्वे इंजिनात मोटरचा एक ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा तुकडा) थेट धातूच्या चासीला टेकतो. त्यात डीसीसी (रुळांतून डिजिटल आज्ञा देऊन इंजिन चालवण्याची पद्धत) डीकोडर, म्हणजे त्या आज्ञा वाचून मोटर चालवणारं सर्किट, बसेल का?

उत्तर : बसेल, पण आधी तो ब्रश चासीपासून पूर्ण वेगळा करा. मोटरचं एक टोक जरी रुळाशी जोडलेलं राहिलं, तरी डीकोडर बहुधा लगेच जळतो. म्हणून दोन्ही ब्रश आणि चाकं यांच्यात जोडणी नाही ना, हे मल्टिमीटरने तपासा. मग १२ व्होल्टवर मोटर क्षणभर अडवून करंट मोजा. जुन्या मोटरी १ अँपिअरच्या वर सहज जातात, डीकोडर त्याहून दमदार हवा. डीकोडरची लाल-काळी तार पिकअपला (चाकांमार्फत रुळातली वीज घेणारे संपर्क), केशरी-करडी मोटरला. पहिली चाचणी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवरच (डीकोडरची सेटिंग करण्यासाठीचा वेगळा रूळ). तिथे करंट मर्यादित असल्याने चूक झाली तरी डीकोडर सहसा वाचतो. नव्या डीकोडरचा पत्ता (ज्या क्रमांकाने इंजिनाला आज्ञा देतात तो) ३ असतो. इंजिन उलटं धावलं, तर केशरी-करडी तारांची अदलाबदल करा.