साडेसात लाखांच्या मानधनासाठी साडेसात लाखांचा पगार सोडावा का?

सोलापूरहून एका वाचकांनी सविस्तर लिहिले आहे. वय ३७, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात अकाउंटंट, हातात येणारा पगार ४२ हजार. एकाच इन्स्पेक्टरच्या चार रहस्यकादंबऱ्या त्यांनी स्वखर्चाने काढल्या, त्या किंडलवरही आहेत. आता मुंबईची एक निर्मिती संस्था दुसऱ्या कादंबरीवर वेब मालिका करू म्हणते. १८ महिन्यांच्या ऑप्शनचे, म्हणजे तेवढा काळ कथा फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचे, ५० हजार. मालिका ठरली तर कथाहक्कांचे ४ लाख, ज्यात हे ५० हजार धरलेले. आणि मग पटकथेचे ३.५ लाख, तेही टप्प्याटप्प्याने. नोकरी सोडून, ६ लाख २० हजारांची एफडी मोडून गोरेगावला खोली घ्यावी का, असा त्यांचा प्रश्न.

ऑप्शन जरूर द्या. नोकरी आत्ता सोडू नका.

तुम्ही पत्रात ‘साडेसात लाख मिळणार’ असे लिहिलेत. तुम्ही अकाउंटंट आहात, दुसऱ्या कुणाच्या वहीत ही रक्कम तुम्ही जमा धरली असती का? आज पक्के आहेत ते ५० हजार. बाकीचे सात लाख मालिका ठरली तरच, आणि ते ठरवणार निर्माता आणि त्याच्यामागचा प्लॅटफॉर्म. पटकथेचे शेवटचे २० टक्के तर चित्रीकरण सुरू झाल्यावर.

घरखर्च हप्त्यासह ३४ हजार. गोरेगावला खोलीत वाटेकरी घेतला तरी राहणे-खाणे-फिरणे ३० हजार धरा. वहिनींच्या शिकवणीचे ९ हजार वजा केले तर महिन्याला ५५ हजार लागतील. एफडी आणि ऑप्शनचे पैसे मिळून ६ लाख ७० हजार होतात. ते जेमतेम बारा महिने पुरतात, आणि निर्मात्याच्या हातात अठरा महिने आहेत. म्हणजे तो ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधीच तुमची एफडी संपलेली असू शकते. शिवाय या १८ महिन्यांत तुम्ही सोडणार तो पगार ७ लाख ५६ हजार होतो. सगळे मनासारखे घडले तरी सहा हजारांनी तोटाच! कारखान्याची ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जाईल, ते वेगळेच.

मुंबईत राहिल्याशिवाय कामे मिळत नाहीत, हे तुमचे म्हणणे खोटे नाही. ओळखी तिथेच होतात. पण या ऑप्शनच्या काळात तुमच्याकडून लागणार आहेत त्या काही बैठका. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली की सकाळी दादर, काम उरकून परत. महिन्यातून दोन खेपा केल्या तरी गोरेगावच्या भाड्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. पटकथेचा करार सही झाला आणि पहिला हप्ता खात्यात पडला, की मालकांकडे चार-सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागा. मार्चअखेर सोडून मागा, म्हणजे मिळण्याची आशा तरी राहील.

आता खऱ्या पैशाकडे येऊ. तुमची मालमत्ता एफडी नाही, तो इन्स्पेक्टर आहे. स्वतः छापल्यामुळे चारही पुस्तकांचे सगळे हक्क तुमच्याकडे आहेत, मध्ये प्रकाशकाचा वाटा नाही. आणि तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात ‘कथा, पात्रे, त्यांवर आधारित सर्व कृती, सर्व डिजिटल माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे एकच लांबलचक वाक्य आहे. ते तसेच राहिले तर चार लाखांत एक नव्हे, चारही कादंबऱ्या गेल्या, आणि पाचवी लिहायलाही परवानगी मागावी लागेल. ‘सर्व डिजिटल’मध्ये तुमची किंडलची विक्रीसुद्धा वादात येते.

म्हणून हक्क फक्त दुसऱ्या कादंबरीचे द्या. पात्र पुढच्या भागात वापरले तर दर वेळी वेगळी रक्कम ठरवा. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओबुक स्पष्टपणे वगळा. ठरावीक वर्षांत चित्रीकरण सुरू झाले नाही तर हक्क परत, हे लिहून घ्या. कॉपीराइट कायद्यात करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, म्हणूनच ‘कायमस्वरूपी’ हा शब्द इतक्या आठवणीने घातला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेरच्या वापराची रॉयल्टी लेखकाला कराराने सोडून देता येत नाही. मसुद्यात ‘रॉयल्टीवर हक्क नाही’ असे कलम दिसले तर वकिलाला पहिले तेच दाखवा. वकिलाची फी द्यायला जीव खालीवर होईल, पण ऑप्शनच्या पैशांचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद व्हा आणि पटकथेचा प्रत्येक खर्डा पाठवण्याआधी तिथे ऑनलाइन नोंदवा. त्या नोंदीने मालकी ठरत नाही, पण अमुक तारखेला लिखाण तुमच्याकडे होते याचा पुरावा राहतो.

कराचे फार मनावर घेऊ नका. लेखनाच्या मानधनावर १० टक्के टीडीएस कापला जाईल, पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. सगळे मानधन एकाच आर्थिक वर्षात आले नाही, तर पगार आणि मानधन मिळून तुम्ही त्याच्या आतच राहाल. विवरणपत्र वेळेत भरा, परतावा येईल.

पाचव्या कादंबरीच्या हजार प्रती ९० हजारांत छापायच्या का, असेही विचारलेत. आधीच्या पुस्तकांचे गठ्ठे अजून माळ्यावर आहेत म्हणता. मग तीनशे छापा, त्याही आगाऊ नोंदणी घेऊन. मालिका खरोखर पडद्यावर आली तर पुन्हा छापायला कितीसा वेळ लागतो?