ताई, फॉरेस्ट्री घेऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, कणकुंबीच्या बाजूच्या खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, आता बेळगावात पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला आहे, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी) घेऊन. मला फॉरेस्ट्री, म्हणजे वनशास्त्र करायचंय. पण बाबा म्हणूलालेत, पोरीच्या जातीनं रानात कशाला जायचं, तिथं सगळं कन्नडात चालतंय, आपल्याला कोण घेणार, त्यापेक्षा नर्सिंग कर. तुम्ही सरळ सांगा, जाऊ की नको?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: जा गं. अगदी मनापासून सांगते, जा.

आधी बाबांच्या "कोण घेणार"चं बघू. तुझी सगळी शाळा कर्नाटकातच झालीय, पीयूसी पण इथंच, म्हणजे सीईटीच्या, राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, नियमात तू बसतेस, तिथं सात वर्षं राज्यात शिकलीस का ते बघतात, शाळा मराठी होती का कन्नड हे नाही. बीएससी फॉरेस्ट्री चार वर्षांची. आपल्याला जवळचं कॉलेज म्हणजे शिरसीचं, धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं, आणि दुसरं लांब कोडगूत पोन्नमपेटला. अ‍ॅडमिशन त्याच सीईटीनं, म्हणजे केसीईटीनं. घरची शेती असेल तर शेतकऱ्यांच्या मुलांचा वेगळा कोटा आहे, त्याला प्रॅक्टिकल टेस्ट द्यावी लागते आणि शेतीचे दाखले लागतात. ते दाखले काढायला शेवटच्या आठवड्यात तहसीलदार ऑफिसला पळू नका, आत्तापासनं बाबांना कामाला लाव, तेवढाच त्यांचा पण हात लागेल.

आता कन्नडचं. हे जरा सविस्तर बोलते कारण आपल्याकडची कितीतरी हुशार पोरं फक्त ह्याच भीतीनं मागं राहतात. डिग्री इंग्लिशमध्ये आहे. पण नोकरी इथंच करायची तर कन्नड लिहिता आलंच पाहिजे, भरतीत कन्नडची परीक्षा पास व्हावी लागते. शाळेत शिकलीयस ना, मग रोज पेपरचं एक पान मोठ्यानं वाच, वर्षभरात हात बसतो. आणि तुला सांगते, तुझी मराठी इथं अडचण नाहीय, उलट तीच तुझी ताकद आहे. विचार कर, हत्ती येऊन किंवा गवे येऊन भात तुडवून गेलेत, म्हातारा शेतकरी बांधावर उभा आहे, त्याला सगळं सांगायचंय पण त्याला येते मराठी आणि पंचनाम्याचा कागद कन्नडात. आपल्या भीमगडच्या जंगलातल्या गवळीवाड्यांमध्ये पण तेच. अशा ठिकाणी त्याचं मराठीत ऐकून घेऊन कन्नडात नीट लिहिणारी अधिकारी आली तर त्या माणसाचं निम्मं काम तिथंच झालं. भीमगड 2011 ला अभयारण्य झालं, तिथल्या बारापेडी गुहेतल्या दुर्मिळ वटवाघळांसाठी बाहेरचे अभ्यासक येतात, आणि आपली पोरं मात्र त्याच रानाकडं पाठ करून पुण्याची बस धरतात, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

"पोरीच्या जातीनं" ह्याला बाबांना एवढंच सांग की आयएफएसमध्ये, म्हणजे भारतीय वन सेवेत, बायका 1980 पासून आहेत. रान अवघड आहे हे खोटं नाही, पावसाळ्यात जळवा, फोनला रेंज नाही, रात्री-अपरात्री उठून जावं लागतं. पण कणकुंबीच्या पावसात वाढलेल्या पोरीला ह्यातलं नवीन काय आहे?

फॉरेस्ट्रीला शिकवतात काय हे पण बाबांना माहीत नसणार, त्यांना वाटत असेल नुसती झाडं लावायची. रोपवाटिका, माती, लाकडाचं शास्त्र, वन्यजीव, शेतातली झाडं, सगळं असतं. एक साधी गोष्ट करून बघ. घरामागं ऐन असेल, ज्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली असते तो. त्याचा घेर मोजायचा तर कुठं मोजायचा? जमिनीपासून 1.37 मीटरवर, छातीच्या उंचीला, आणि झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून. सगळीकडं असंच मोजतात म्हणून तुझा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळतो. त्याच ऐनाला कन्नडात मत्ती म्हणतात आणि पुस्तकात टर्मिनॅलिया. नान्याच्या झाडाला नंदी, बिबळ्याच्या झाडाला होन्ने, शिसमला बीटे. एक वही कर, एका ओळीत तिन्ही नावं, शेजारी पान चिकटवून. शिरसीला जाशील तेव्हा निम्मी झाडं ओळखीची असतील.

नोकरी म्हणशील तर फॉरेस्ट गार्डला पीयूसी चालते, आरएफओला (रेंज फॉरेस्ट ऑफिसरला) डिग्री लागते आणि तिथं फॉरेस्ट्रीवाल्यांसाठी जागा राखीव असतात. पण भरती दरवर्षी निघत नाही हे आत्ताच सांगून ठेवते, त्यामुळं नुसत्या खाकीवर नजर ठेवू नकोस. एमएससी आहे, संशोधन आहे, नर्सरी आहे, कागद आणि प्लायवूडवाल्यांना शेतकऱ्यांकडनं झाडं लावून घ्यायला माणसं लागतात. नर्सिंग चांगलंच आहे, पण ते ज्याला आवडतं त्यानं करावं.

प्रश्न: मी बेळगावात बीएससी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फॉरेस्ट्रीची डिग्री नाही म्हणजे माझा रस्ता बंद झाला का?

उत्तर: अजिबात नाही. आयएफएसला बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री, जिऑलॉजी असे विषय चालतात, इंजिनिअर पण बसतात. प्रिलिम्स आयएएसवाल्यांबरोबरच, मेन्स वेगळी. आणि पुढं चालायची परीक्षा असते, चार तासांत मुलांना 25 किलोमीटर, मुलींना 14. तेव्हा अभ्यासाबरोबर पाय पण तयार ठेव, बेळगावहून किणयेपर्यंत पहाटे चालत जायला लाग. शिकायचंच असेल तर डेहराडूनच्या एफआरआयला, म्हणजे वन संशोधन संस्थेत, एमएससी फॉरेस्ट्री आहे, 1906 ची संस्था, बॉटनीवाल्यांना घेतात. मॅनेजमेंटकडं ओढा असेल तर भोपाळची आयआयएफएम, ही वन व्यवस्थापन शिकवणारी संस्था, तिथं कॅटसारखी मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फॉर्मच्या तारखा मात्र तुझ्या तूच बघत जा, फायनलच्या परीक्षेच्या गडबडीत त्या हमखास निसटतात.