गाळातलं प्लॅस्टिक आणि तिसरी नीट

प्रश्न : मुलगी दोनदा नीटला बसली, तिसऱ्यांदा नको म्हणते. सांडपाणी केंद्रातला गाळ बंद बाटलीत भरून, रोज गुळाचं पाणी घालून 'जीवाणूंपासून प्लॅस्टिक' करायचा नाद लागलाय. झालं काहीच नाही, वास मात्र घरभर. बाटली मी फेकून दिली. बारावीला गणितही होतं. तिला समजवा.
– एक पालक, सांगली

उत्तर : समजवायचं ते तुम्हालाच. डॉक्टर व्हायचंय का, हे तिला विचारल्याचं पत्रात कुठेच दिसत नाही. 'नको' हे तिचं उत्तर आहे. ते ऐकायला तिसरी परीक्षा कशाला? गाळ घरात नको, हे खरं. त्यात रोगजंतू असतात. पण बाटली फेकण्याआधी प्रयोग का फसला, एवढं तरी विचारायचंत.

फसला तो गुळामुळे. साखर मिळाली की गाळातले बरेच जीवाणू प्लॅस्टिकऐवजी ग्लायकोजन (साखरेचाच साठा) साठवतात, आणि हवा नसली की सगळं नुसतं आंबतं. म्हणून आधी वेगळ्या टाकीत आंबवून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आम्लं करून घेतात. मग हवा सोडत ती गाळाला थोडा वेळ देतात आणि पुढे बराच वेळ उपाशी ठेवतात. असं आठवडेच्या आठवडे चाललं की साठा करणारेच टिकतात. शेवटी नायट्रोजनचा पुरवठा तोडून आम्ल दिलं की पेशीत पीएचएचे, म्हणजे त्या जैवप्लॅस्टिकचे, कण भरतात.

'चांगला जीवाणू मिळाला की काम झालं' असं तिला वाटत असेल, तर तो भ्रम. जीवाणूंमधलं पीएचबी (पीएचएचाच एक प्रकार) लेमोइन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकातच ओळखलं होतं. घोडं अडतं पेशी फोडून ते बाहेर काढताना. क्लोरोफॉर्म विषारी, हायपोक्लोराइट जास्त झालं तर रेणूंच्या साखळ्या तुटतात. शुद्ध पीएचबी १७५ अंशांच्या आसपास वितळतं, थोडं वर गेलं की विघटन सुरू, आणि थंड झाल्यावर ठिसूळ! प्रोपिऑनिक आम्ल वाढवलं तर साखळीत व्हॅलरेट हा दुसरा घटक मिसळून लवचीकपणा येतो.

हे सगळं केमिकल इंजिनिअरिंग आहे. गणित आहेच, तर एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट. नाहीतर मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी-एमएस्सी. निव्वळ या विषयातल्या नोकऱ्या आज मोजक्या आहेत. सांडपाणी प्रक्रिया जाणणाऱ्यांना मात्र काम मिळतं. संशोधनाकडे वळली तर नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, पुण्याला एनसीएल ही रसायन प्रयोगशाळा आहेच.

सध्या जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत परवानगी मागा. गुळाऐवजी सोडियम ॲसिटेट, मत्स्यटाकीचा हवापंप आणि हातमोजे घ्या. स्लाइडवर सुदान ब्लॅक हा काळा रंग दहा-पंधरा मिनिटं, मग झायलीन या द्रावकाने धुऊन सॅफ्रानिन हा गुलाबी रंग. गुलाबी पेशींत निळे-काळे कण दिसले तर आशा धरावी. चरबीही तशीच रंगते, त्यामुळे खात्री गॅस क्रोमॅटोग्राफीनेच (घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचणीनेच) होईल.